ठिणगीची वेळ कोण ठरवणार?

नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या ओली एव्हिन्रूड या कारागिरानं १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात होडीच्या पाठीला अडकवायचं इंजिन विकायला काढलं. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड. मिशिगन सरोवराच्या त्याच काठानं दक्षिणेला उतरत गेलं की वॉकीगन लागतं. तिथे अशीच इंजिनं बनवणाऱ्या जॉन्सन कंपनीचा कारखाना होता. १९३६ मध्ये ही दोन्ही नावं एकाच कंपनीची झाली; पुढे ती आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन म्हणून ओळखली गेली. ती कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली आणि २०२० मध्ये एव्हिन्रूडचं उत्पादनही कायमचं थांबलं. पण १९५० च्या दशकातली त्यांची दोन सिलिंडरची छोटी टू-स्ट्रोक इंजिनं विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या तळ्यांवर आजही धावतात. ती धावती ठेवणारी माणसं एका प्रश्नावर हमखास हमरीतुमरीवर येतात. फ्लायव्हीलखालचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारे यांत्रिक स्विच, आणि त्यांचे कंडेन्सर काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन मॉड्यूल बसवावं की नाही?

बाहेरच्या माणसाला हा वाद किरकोळ वाटेल. मला तो वाटत नाही, कारण जुनं यंत्र चालू ठेवणं म्हणजे नेमकं काय चालू ठेवणं, हे या काडेपेटीएवढ्या जागेत ठरतं. दोन्ही बाजू मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. मामा पिंपरीच्या मशीन शॉपमधून मिलवॉकीला गेलेला, आता निवृत्त. भाची पुण्यात शिकलेली, शिकागोत पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करणारी. समोर स्टँडवर १९५६ सालचं साडेपाच हॉर्सपॉवरचं जॉन्सन सी-हॉर्स, फ्लायव्हील उतरवलेलं.

भाची : मामा, वरच्या सिलिंडरला करंट येत नाहीये ना? मग आता खल कशाला करतोस? दोन्ही पॉइंट आणि दोन्ही कंडेन्सर काढ आणि ही दोन मॉड्यूल लाव. एक वायर कॉइलच्या प्रायमरीला, एक बॉडीला. जेवणाआधी होऊन जाईल.

मामा : अगं, रोग बघितला नाहीस आणि औषध घेऊन आलीस. करंट नाही हे खरं. पण का नाही?

भाची : सत्तर वर्षांचे पॉइंट आहेत. दुसरं काय असणार?

मामा : टंग्स्टन आहे ते. सत्तर वर्षांनी त्याचं काही बिघडत नाही. इंजिन नुसतं पडून राहिलं की तोंडावर ऑक्साइडची राखाडी साय धरते. हातानं दोरी ओढताना प्रायमरीत तयार होतात तेच मुळी थोडके व्होल्ट, त्यामुळे ती साय ओलांडून करंट जात नाही. पॉइंट फाइलचे दोन हात मारायचे, थिनरमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी मधून ओढायची, शेवटी कोरडी पट्टी. ती पांढरी निघाली की झालं. चेतकच्या काळात कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुसरं काय करायचा? सीबी पॉइंटला पॉलिश पेपर मारला की स्कूटर चालू.

भाची : आणि काही दिवसांनी परत रस्त्यात बंद! म्हणून तर पुढे चेतकमध्येही इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं.

मामा : आलं. त्यावर नंतर भांडू. आधी हे भिंग घे आणि वरच्या सिलिंडरची कॉइल बघ. बल्ब जवळ आण. लोखंडी पट्ट्या जिथून आत शिरतात तिथे, प्लॅस्टिकवर.

भाची : चीर आहे. केसाएवढी. आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक.

मामा : पन्नासच्या दशकातल्या या कॉइलींचा हा ठरलेला आजार. वरचं प्लॅस्टिक आकसतं, तडकतं, ओल आत जाते. मग दहा-पंधरा हजार व्होल्ट प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या चिरेतून शेजारच्या लोखंडात उतरतात. आता सांग, तुझ्या मॉड्यूलनं काय केलं असतं?

भाची : काही नाही. करंट आलाच नसता.

मामा : आणि तू म्हणाली असतीस, मॉड्यूलच खराब निघालं.

इथे मला मध्ये बोलायला हवं, कारण बहुतेक लोक चुकतात ते याच जागी. मॉड्यूल बदलतं फक्त स्विच. कॉइल जुनीच, प्लगची वायर जुनीच, चुंबकही जुनंच राहतं. चिरलेल्या कॉइलला, आतून तुटलेल्या वायरीला किंवा ओल धरलेल्या कंडेन्सरला लोक ‘पॉइंटचा त्रास’ म्हणतात आणि सगळा दोष त्या दोन टंग्स्टनच्या टिकल्यांवर टाकतात. मग मॉड्यूल बसवताना कॉइलही नवीन घातली जाते, इंजिन एका ओढीत चालू होतं आणि श्रेय मॉड्यूल घेऊन जातं. या इंजिनांच्या बाबतीत तपासणीचा क्रम माझ्या मते पक्का असावा. आधी कॉइल, मग वायर, मग कंडेन्सर, मग पॉइंट. मॉड्यूलचा विचार त्यानंतर.

भाची : ठीक, कॉइल नवीन घालू. पण मूळ मुद्दा सुटलेला नाही. पॉइंट झिजतातच ना? चार हजार फेऱ्यांवर प्रत्येक पॉइंट मिनिटाला चार हजार वेळा उघडतो. तासाला दोन लाख चाळीस हजार वेळा. त्याचा फायबरचा पाय कॅमवर घासत राहतो. पाय झिजला की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडतं. इंजिन रोज थोडं थोडं बिघडतंय आणि तुला कळतही नाही.

मामा : मला कळतं. हंगामातून एकदा मी गॅप बघतो. इकडे ये, दाखवतो. क्रँक फिरवून पॉइंटचा पाय कॅमच्या सर्वांत उंच भागावर आणायचा. आता वीस थाऊची, म्हणजे इंचाच्या वीस सहस्रांशांची, पट्टी घाल. बोटाला किंचित अडकल्यासारखी लागली पाहिजे. अठराची सैल जाईल, बावीसची जाता कामा नये. पट्टी आधी पुसून घे, तेलकट पट्टी घातलीस तर ते तेल पॉइंटवर जळून बसतं. गॅप बसली की स्क्रू आवळायचा आणि परत मोजायची, कारण आवळताना ती हलते. कॅमजवळची ती नमद्याची वात दिसते? तिच्यावर तेलाचा थेंब असला की पाय वर्षानुवर्षं झिजत नाही.

भाची : आणि यासाठी तुला दर हंगामात फ्लायव्हील काढावं लागतं. दोरीचं स्टार्टर उतरवायचं, नट सोडायचा, तीन बोल्टांचा पुलर लावायचा. कुणी घाईत फ्लायव्हीलवर हातोडा मारला तर चुंबकाचं आणि क्रँकचंही नुकसान. तू नेहमी सांगतोस, पॉइंट तळ्याच्या मध्यावर दुरुस्त होतात आणि मॉड्यूल मेलं तर वल्ही मारत यावं लागतं. पण या इंजिनात पुलरशिवाय पॉइंट दिसतसुद्धा नाहीत. तुझे पॉइंट तरी तळ्याच्या मध्यावर कुठे दुरुस्त होणार आहेत?

मामा : हे बरोबर बोललीस. स्कूटरची सवय मी होडीला लावतो. पण काठावर आल्यावर तरी? माझा पॉइंट कुठल्याही गॅरेजमध्ये फाइल आणि फीलर गेजनं परत उभा राहील. तुझं मॉड्यूल इपॉक्सीत बुजवलेलं. मेलं की फेकायचं.

भाची : इपॉक्सीत बुजवलंय म्हणूनच त्यात ओल शिरत नाही. मालवणच्या होडीवाल्यांना विचार. त्यांच्या होड्यांवर जपानी मशीनं असतात, इग्निशन कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक. खाऱ्या हवेत रोज जाणाऱ्या माणसाला पॉइंट साफ करत बसायला वेळ नाही. ज्याचं पोट त्या इंजिनवर आहे त्यानं केव्हाच निवड केली आहे. पॉइंटचं प्रेम हौशी माणसांना परवडतं.

मामा : त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण ती मशीनं मुळातच तशी आखली आहेत. हे नाही.

भाची : बरं, मग हे सांग. नवीन कॉइल इपॉक्सीची येणार, ती चालते तुला. कागद-मेणाच्या जुन्या कंडेन्सरच्या जागी तू गेल्या वर्षी फिल्मचा कंडेन्सर घातलास, तोही चालला. प्लगची वायर नवीन. मग मॉड्यूलनंच काय घोडं मारलंय?

मामाला पहिल्यांदाच थांबून विचार करावा लागावा असा हा प्रश्न आहे. ‘जुनं ते जुनंच राहू दे’ एवढंच ज्याचं म्हणणं असेल त्याच्याजवळ याला उत्तर नाही, कारण मूळ भाग शाबूत ठेवायचेच तर चिरलेली कॉइलही ठेवावी लागेल आणि इंजिन शोकेसमध्ये जाईल. पण मामाचा आग्रह त्याहून खोल आहे.

मामा : ऐक. नवीन कॉइल जुन्या कॉइलचंच काम करते, त्याच क्षणी. नवीन कंडेन्सर जुन्याचंच काम करतो, त्याच क्षणी. पॉइंट उघडला की प्रायमरीचा करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं, सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात. कंडेन्सर पॉइंटवरचा जाळ खाऊन टाकतो म्हणून ते कोसळणं झटक्यात होतं. या सगळ्यात वेळ कोण ठरवतं? कॅम. कॅम क्रँकवर खाचेत बसलाय, फ्लायव्हील त्याच क्रँकवर चावीनं बसलंय, पिस्टन त्याच क्रँकला जोडलाय. पिस्टन अमुक जागी आला की ठिणगी. हे लोखंडात कोरून ठेवलंय. तुझ्या मॉड्यूलमध्ये वेळ कोण ठरवतं?

भाची : चुंबक आणि कॉइल मिळून. आत एक डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर असतो. चुंबक कॉइलसमोर येऊ लागलं की प्रायमरीत करंट वाढतो आणि तो या ट्रान्झिस्टरमधून वाहतो. ठरावीक पातळी गाठली की दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्याचा बेस खाली ओढतो, करंट तुटतो आणि ठिणगी पडते. ना कॅम, ना घासणं.

मामा : म्हणजे पिस्टन कुठे आहे ते त्याला माहीत नाही. करंट किती झाला तेवढंच त्याला कळतं.

भाची : पण चुंबकही क्रँकवरच आहे ना? करंट केव्हा वाढणार तेही क्रँकवरूनच ठरणार.

मामा : साधारण. नेमकं नाही. फ्लायव्हील जोरात फिरलं की करंट लवकर त्या पातळीला पोचेल, हळू फिरलं की उशिरा. कारखान्यानं पॉइंट उघडायची जागा जिथे धरली होती तिच्या किती अंश अलीकडे किंवा पलीकडे ठिणगी पडेल, हे त्या मॉड्यूलच्या डबीवर लिहिलंय का?

भाची : नाही.

मामा : का नाही ते माहीत आहे? ती मॉड्यूल मुळात गवत कापायच्या मशीनसाठी निघाली. एक सिलिंडर, टायमिंग कायम एकाच जागी, फेऱ्या जवळजवळ ठरलेल्या. आणि हे बघ. हा लिव्हर फिरव. काय होतं?

भाची : अख्खी प्लेट फिरते. दोन्ही कॉइल, दोन्ही पॉइंट, सगळंच.

मामा : तोच थ्रॉटल. हँडल वाढवलं की प्लेट फिरते, ठिणगी पुढे जाते आणि तिच्याच कडेनं कार्ब्युरेटर उघडतो. या इंजिनात वेग आधी ठिणगीनं वाढतो. टायमिंग हा इथे एकदा बसवून विसरायचा स्क्रू नाही, चालवणाऱ्याच्या हातातलं हँडल आहे.

हे जवळून बघण्यासारखं आहे. ताटलीएवढी ती प्लेट, तिच्यावर समोरासमोर दोन कॉइल, प्रत्येकीचा आपला पॉइंट आणि आपला कंडेन्सर, मध्ये क्रँकवर एकच कॅम. वरच्या आणि खालच्या सिलिंडरची इग्निशन एकमेकांपासून पूर्ण वेगळी; एक मेली तरी दुसरीवर इंजिन खोकत खोकत काठाला लागतं. प्लेट फिरते तेव्हा कॉइल आणि पॉइंट बरोबरच सरकतात, म्हणून पॉइंट उघडताना चुंबक कॉइलसमोर नेमकं कुठे असावं, हे नातं हँडल कुठेही असलं तरी मोडत नाही. ज्यानं हे आखलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बॅटरी नाही, आणि तरीही वेळ हवी तशी पुढेमागे करता येते.

भाची : थांब, मामा. यात माझीही बाजू आहे. मॉड्यूल ज्या कॉइलवर अवलंबून आहे ती कॉइलही प्लेटबरोबर फिरते. म्हणजे मॉड्यूल लावल्यावरही हँडल फिरवलं की ठिणगी पुढे जाणारच.

मामा : जाणार. पण कुठून पुढे? सुरुवातच पाच अंश पुढे सरकली असेल तर फुल थ्रॉटलला तू कारखान्याच्या मर्यादेच्या पाच अंश पलीकडे. वर वेगाबरोबर मॉड्यूल आपणहून आणखी थोडं लवकर पेटवणार. मग आवाज छान येतो, इंजिन झणझणीत वाटतं, आणि एक दिवस पिस्टनच्या डोक्याला भोक. उलट सुरुवात मागे सरकली तर इंजिन सुस्त, आणि तू कार्ब्युरेटरला शिव्या देत बसणार.

भाची : आणि वायरी उलट्या जोडल्या तर ते चुकीच्या लाटेवर पेटवायला बघेल. चुंबक एकदा समोरून गेलं की कॉइलमध्ये एकच लाट उठत नाही. मधली मोठी, तिच्या दोन्ही बाजूंना उलट दिशेच्या लहान. पोलॅरिटी चुकली की लहान लाटेवर ठिणगी, नाहीतर ठिणगीच नाही.

मामा : आणि ठिणगी भलत्या वेळी पडली की दोरी हातातून उलटी खेचली जाते. खांदा उतरेल एखाद्याचा.

भाची : मान्य. आणखी एक गोष्ट मीच सांगते, ती मॉड्यूल विकणारे सांगत नाहीत. डार्लिंग्टन जोडीत व्होल्टभर तरी पडतोच. इंजिन धावताना त्याचं काही वाटत नाही. पण दोरी हळू ओढली तर प्रायमरीत मुळात असतातच थोडके व्होल्ट, त्यातला एक गेला तर मोठा वाटा गेला. स्वच्छ पॉइंट जवळजवळ काहीच खात नाहीत. म्हणून मॉड्यूलला किमान वेग लागतो. तुझ्या वयाला ती ओढ जड जाईल का, हा खरा प्रश्न आहे.

मामा : बघ, हे तू प्रामाणिकपणे सांगितलंस. तुझ्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा तूच काढून दाखवलास.

भाची : आता तुझा कच्चा दुवा. ‘मूळ रचना’ म्हणून तू जी पवित्र मानतोस ती केव्हाची? ओली एव्हिन्रूडच्या पहिल्या इंजिनांना फ्लायव्हील मॅग्नेटो नव्हताच. होडीत कोरड्या बॅटऱ्यांची पेटी आणि कॉइल ठेवावी लागायची. मॅग्नेटो नंतर आला आणि तेव्हा कुणी म्हणालं नाही की बॅटरीवालं तेच खरं. बॉशच्या कारखान्यात होनोल्डनं १९०२ मध्ये हाय-व्होल्टेज मॅग्नेटो केला तेव्हा तोही नवाच होता. आणि तुझं हे जॉन्सन ज्या कंपनीनं बनवलं, तिनंच १९७७ पासून आपल्या छोट्या इंजिनांतले पॉइंट काढायला सुरुवात केली. बनवणाऱ्यांचाच जीव त्यात राहिला नव्हता.

मामा : काढले, आणि चांगलं केलं. ती इंजिनं मी उघडली आहेत. पण त्यांनी काय केलं ते बघ. वेगळं फ्लायव्हील, वेगळी चार्ज कॉइल, पॉवर पॅक, आणि ठिणगीची वेळ सांगायला एक स्वतंत्र सेन्सर कॉइल. पिस्टन कुठे आहे हे त्या इंजिनाला कळतं. पॉइंटची जागा त्यांनी नुसती बुजवली नाही, वेळ ठरवायचं काम दुसऱ्या भागाकडे रीतसर सोपवलं. तुझ्या डबीत स्विच आहे, पण वेळ सांगणारा कुणीच नाही.

मला या वादातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच वाटतं. मॉड्यूल वाईट नाही. खारी हवा आणि हंगामभर पडून राहणं यांतून त्यानं अनेक इंजिनं वाचवली आहेत. ब्रिटिश सीगलसारख्या इंजिनावर तर ते बऱ्यापैकी बिनधोक आहे. डॉर्सेटमधल्या पूल गावची ही इंजिनं बहुतांशी एका सिलिंडरची, टायमिंग कायमचं एका जागी, त्यामुळे मॉड्यूल जिथे जन्मलं त्या गवताच्या मशीनच्या ती बरीच जवळची. पण फिरत्या प्लेटच्या जॉन्सन-एव्हिन्रूडवर मॉड्यूल हा सुटा भाग राहत नाही, ती नवी आखणी होते. आणि आखणी करणाऱ्यानं मोजलं पाहिजे. न मोजता बसवणाऱ्याचं इंजिन चाललं तर ते त्याचं नशीब.

भाची : मग मोजूया ना! तू इतका वेळ ‘किती अंश, किती अंश’ करतोयस, ते कळण्यासारखं आहे. चार हजार फेऱ्यांवर एक अंश म्हणजे सुमारे ४२ मायक्रोसेकंद. माझ्या कामात हा निवांत वेळ झाला. साध्या टायमिंग लाइटवरही दिसेल.

मामा : कसं करशील? सांग नीट.

भाची : या इंजिनाची रचनाच प्रयोगासाठी केल्यासारखी आहे. दोन सिलिंडर, दोन स्वतंत्र इग्निशन, एकच क्रँक. खालच्याला पॉइंट तसेच ठेवू, वरच्याला फक्त मॉड्यूल लावू. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घालून दोन्ही पिस्टनची वरची जागा काढू आणि फ्लायव्हीलच्या कडेवर दोन खुणा करू, एकमेकींपासून १८० अंशांवर. त्यांच्या शेजारी अंशांची पट्टी चिकटवू. इंजिन पाण्याच्या पिंपात चालवू आणि टायमिंग लाइटची क्लिप आधी खालच्या वायरीला, मग वरच्या वायरीला. तेच इंजिन, तोच वेग, तीच प्लेट. जो फरक दिसेल तो मॉड्यूलचा.

मामा : आधी दोन्ही पॉइंटवर चालवून घे. वरच्या-खालच्यात मुळातच अर्धा अंश फरक असेल तर तो वजा करावा लागेल.

भाची : बरोबर. मग हळू, मध्यम आणि पूर्ण, अशा तीन जागी मोजू. वेगाबरोबर मॉड्यूल किती सरकतं तेही कळेल.

मामा : पूर्ण वेगाला पिंपात पंखा चालणार नाही, पाणी सगळं बाहेर फेकेल. टेस्ट व्हील लावावं लागेल. माझ्याकडे आहे. आणि असं अर्धं-अर्धं ठेवून तळ्यावर न्यायचं नाही. मोजून झालं की दोन्ही सिलिंडर सारखे.

भाची : अर्थात.

मामा : माझ्या अजून अटी आहेत. नवीन भोक पाडायचं नाही. कंडेन्सरचा स्क्रू जिथे होता तिथेच मॉड्यूल बसलं पाहिजे, फ्लायव्हीलला लागणार नाही एवढं खाली. कॉइलची वायर कापायची नाही, टोकाला लग लावायचा. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर पाकिटात, पाकिटावर इंजिनाचा नंबर, आणि ते पाकीट इंजिनाबरोबरच राहील. उद्या मी नसलो आणि हे कुणी तिसऱ्यानं घेतलं, तर फ्लायव्हील उघडल्यावर त्याला कळलं पाहिजे की इथे काय होतं.

भाची : आणि कोपऱ्यातलं ते तीन हॉर्सपॉवरचं लाइटविन? त्याचे पॉइंट तर गंजलेत.

मामा : त्याला हात लावायचा नाही. त्यात कारखान्यातून निघाला तो वायरींचा माग अजून तसाच आहे, वायरींना बांधलेल्या क्लिपासुद्धा मूळच्या. १९६५ पासून अँटिक आउटबोर्ड मोटर क्लबची माणसं ही इंजिनं जपत आली आहेत. कुठल्या वर्षी कुठला भाग कसा होता हे त्यांना अशाच न उघडलेल्या इंजिनांवरून कळतं. एकदा ‘सुधारलं’ की ते इंजिन साक्ष द्यायच्या कामाचं राहत नाही. त्याचे पॉइंट साफ करू, चालवू, पण तसंच ठेवू. हे साडेपाचचं आधीच तीन माणसांच्या हातून गेलंय, रंगही मूळचा नाही. याच्यावर प्रयोग चालेल.

भाची : हे मला पटतं. मला वाटलं होतं तू दोन्हींवर अडून बसशील. पण फरक मोठा निघाला तर? समज, मॉड्यूल सहा अंश लवकर पेटवतंय. कॅम तर खाचेत बसलाय, फिरवता येत नाही. प्लेट जिथे अडते तो स्टॉप थोडा घासला तर...

मामा : उलट! घासलास तर प्लेट आणखी पुढे जाईल. तिथे धातू चढवावा लागेल.

भाची : मग तर नकोच. मूळ धातूला हात लावायचा नाही हे तूच म्हणालास आणि आता मीही म्हणते. सुटी पट्टी अडकवून मर्यादा आणता आली तर बघू. पण मग कार्ब्युरेटरही पूर्ण उघडणार नाही, तो प्लेटच्याच कडेवर चालतो.

मामा : आता तू मशीन शॉपवाल्यासारखी बोलायला लागलीस. तर मग असं करू. फरक दोन अंशांच्या आत राहिला आणि दोरी माझ्या हातानं नेहमीच्या जोरात ओढून इंजिन चालू झालं, तर या साडेपाचवर मॉड्यूल राहील. मी भांडणार नाही. दोनाच्या वर गेला तर परत पॉइंट.

भाची : तिथे मी भांडणार आहे. फरक तीन अंश मागे असेल तर इंजिनला धोका नाही, थोडी ताकद जाईल एवढंच. पुढे आणि मागे या दोन्हींना एकच माप का?

मामा : ताकद जाते ती नुसती जात नाही. हळू चालताना, मासे पकडताना, तेच इंजिन धूर काढत गुदमरत चालतं. पण ठीक, मागच्या बाजूला तीनपर्यंत. मोजल्यावर बोलू.

भाची : मग आज मॉड्यूल उघडतच नाही. आधी नवीन कॉइल. तिच्या लोखंडाच्या टाचा प्लेटवरच्या मशीन केलेल्या बॉसशी एका पातळीत आणायच्या ना?

मामा : बोट फिरवून बघ, पायरी लागता कामा नये. बाहेर राहिली तर फ्लायव्हील घासेल, आत गेली तर ठिणगी अशक्त. मग प्लगची वायर कॉइलच्या आतल्या टोकावर नीट टोचून बसव, तांब्याच्या तारेचीच घे, कार्बनची नको. दोन्ही सिलिंडरला टेस्टरवर पाव इंच उडी दिसली पाहिजे. आणि कॅम परत घालताना ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर.